काचंच्या टेबलाची आरती

चहा आधी खाली ठिवा. मागच्या बारीला हे सांगत होतो तर एकाच्या नाकातून चहा आला, आन शिव्या मला बसल्या. आसा घोळ घातलाय म्या, की केजात आजून मला कुनी सरळ नावानं हाक मारीत न्हाई.

आमचा चुलतभाऊ इकासदादा. तो शिकलेला हाय. म्या दहावीच्या गणिताला दोनदा हात जोडले आन त्याच्याच पत्र्याच्या शेडात कामाला लागलो. दादा टेबल बनवीत व्हता. साधं न्हाई, खाटंयेवढं काचंचं. काचंवर हाटेलातलं समदं जेवन चित्रात दिसनार. भाकरीवर बोट लावलं की आत भटारखान्यात भाकरी मागवली गेली. चार बाजूनं चार जनांनी बोटं लावली तरी चालनार. मोबाईलचा आजा समजा.

खालून एक प्रोजेक्टर चित्र फेकतो, आन एक कॅमेरा वर बघत बसतो. रिमोटमधला उजेड आपल्याला दिसत न्हाई, तसल्या उजेडात त्याला बोटं दिसतेत. दादानं लई डोकं लावलं व्हतं. रस्सा सांडला तर आत जाऊ नये म्हनून कडंला रबर. ताट ठिवलं, कोपर टेकलं, तर ते बोट समजू नये. मानूस खुर्चीवर मांडी घालून बसला तरी गुडघा आडू नये.

पयलं टेबल केजच्या एका आण्णाच्या हाटेलात लागनार व्हतं. आण्णा म्हंजे भरदार मानूस, मिशीवर लिंबू ठिवावं आसा. त्यांना पसंत पडलं तर आनखी टेबलं. न्हाई पडलं तर? दादाच्या बानं सांगून ठिवलं व्हतं, "मंग बॅग उचल आन पुन्याला कंपनीत जा. शेडात मी शेरडं बांधतो." बॅग भरून दारात व्हती. म्या बघितलती.

एवढं समदं म्हाईत आसून म्या काय केलं? आदल्या दिशी दादा जेवाया गेलता, तवा आण्णाच्या फोटोला म्हशीची शिंगं आन कान लावले आन टेबलात घातला. वरून हंबरायचा आवाज. एका कोपऱ्यात एकदम पाच बोटं टेकली तरच ते उघडनार. पाच कावून? चुकून कुनी उघडू नये म्हनून. जेवाया बसलेला मानूस एक लावील, दोन लावील. पाच कोन लावतंय? दोस्तांना दावायचं आन पुसून टाकायचं, एवढंच मनात व्हतं. पुसायचं ऱ्हायलं.

टेबल लागलं. आण्णा बोट लावनार, तेवढ्यात त्यांची बायको, म्हंजे आमची मावशी, म्हनली, "आवं थांबा की. नव्या वस्तूची आधी पूजा."

आन आतून पंचारती घिऊन आली. पाच वाती पेटलेल्या.

आरती सुरू झाली. मावशीनं टेबलावरून पंचारती ओवाळली, तशी काचंवरची भाकरी आपोआप फिराया लागली. लोकं म्हनले, "बघा, देव पावला." दादाचं तोंड पांढरं पडलं.

"दत्त्या," तो माझ्या कानात म्हनला, "वातीच्या जाळात बी तोच उजेड आसतो बे. टेबल वातीला बोट समजतंय."

म्या वाती मोजल्या. "पाचीला?"

"पाचीला. कावून?"

"काही न्हाई."

तेवढ्यात आतून आचारी वरडला, "आण्णा, पिठलं बावीस आन भाकरी चाळीस? वऱ्हाड उतरलं का?" टाळ्यांत कुनी ऐकलं न्हाई. मावशीचा हात आता लांबवर फिराया लागलता. दर फेऱ्याला पंचारती माझ्या कोपऱ्याकडं सरकत व्हती.

"दादा, पलग काढू?"

"आरती चालू आसताना टेबल विझलं, तर आण्णा ठिवून घेतील व्हय?"

"मंग फुंकर मारू?"

"आरतीला फुंकर? तुला हितंच गाडतील."

पंचारती कोपऱ्यापासून ईतभर लांब. म्या काही इचार केला न्हाई. उडी मारली आन कोपरा हातानं झाकला. गच्च. बोटं ताणून.

पंचारती लांबूनच वळून गेली. कोपऱ्याला लागलीच न्हाई. म्या डोळे मिटून देवाला हात जोडाया गेलो, तर एकच हात वर आला. दुसरा काचंवर पसरलेला. आता तुमीच मोजा, मानसाच्या हाताला बोटं किती.

हंबाऽऽऽ.

आरती थांबली. टेबलभर आण्णा. मिशी हाय, शिंगं हायत, कान खाली लोंबतेत. मावशीच्या हातात पंचारती तशीच.

"आबाची म्हैस झाली," म्हनत आण्णाची नात पळत आली, दोन्ही हातांनी दोन कान धरले आन ताणले. कान टेबलाच्या ह्या कडंपासून त्या कडंला गेले. मंग आनखी पोरं धावली. एकानं शिंग धरलं, एकानं मिशी. समदी एकाच बारीला वढाया लागली, आन टेबल कुठं आडकलं न्हाई.

"हे कुनी केलं?" आण्णा म्हनले.

सांगायची गरजच न्हवती. माझा हात आजून तिथंच व्हता.

दादा खाली बघत व्हता. मला दारातली बॅग दिसत व्हती. आण्णांनी पोरांकडं बघितलं. मंग म्हनले, "जेवन येईस्तवर ही पोरं रोज माझं हाटेल डोक्यावर घेतेत. आज जागची हालंनात." दादाकडं वळले. "इकास, आनखी टेबलं बनीव. म्हैस ऱ्हाऊ दे. थोबाड बदल."

दादा म्हनला, "कुनाचं लावू?"

आण्णा माझ्याकडं बघून मिशीवरून हात फिरवीत ऱ्हायले.

तर आता तिथं जेवाया गेलात की कोपऱ्यात पाच बोटं लावा, म्या हंबरतो. गिऱ्हाइकाचं जेवन येईस्तवर माझे कान ताणले जातेत. परवा माझी माय गेलती. दादा पुढं होऊन म्हनला, "काकी, कसं वापरायचं ते दावतो."

मायनं माझे दोन्ही कान बरूबर धरले आन कडंपस्तोर वढले. म्हनली, "आरं, मला काय दावतो? हा जल्मल्यापासनं मी हेच करतीय."