खिळेनानांच्या कानांची साक्ष

खिळेनानांना कुणी चोर म्हटलं असतं तर ते हसले असते. कारखान्यात चोरण्यासारखं होतं काय, तर खिळे. पण कारखान्याच्या डॉक्टरांनी त्यांना ढोंगी म्हटलं, आणि नानांच्या अंगाचा तिळपापड झाला. गल्लीतल्या निम्म्या लोकांना तो राग रास्त वाटला. उरलेल्या निम्म्यांना नानांनी "काय?" असं विचारून विचारून आधीच दमवलं होतं.

खिळ्याच्या यंत्रात एकीकडून तार आत जाते, टोक कापलं जातं, डोकं ठोकलं जातं आणि खिळा खाली पत्र्याच्या पेटीत पडतो. एक पडला तर कुणाला कळायचंही नाही. पण तिथे यंत्रांच्या रांगा, आणि पेट्यांत दिवसभर खिळ्यांचा खच. अशा खोलीत नानांची उमर गेली, आणि मालकांकडून कानांचा बंदोबस्त काय, तर कापसाचे बोळे. तेही मागितले तर. तिथे माणसं ओठ वाचून बोलणं ओळखायला शिकतात. नाना त्यात इतके तरबेज की मुकादमाची शिवी त्याच्या तोंडातून निघायच्या आधीच ते बाजूला सरकायचे.

मग हळूहळू कारखान्याबाहेरचं जगही गप्प व्हायला लागलं. आधी दारावरची घंटी गेली, मग बायकोचं, म्हणजे आमच्या काकूंचं, पाठमोरं बोलणं.

"जेवायला वाढलंय, हे बरं ऐकू येतं तुम्हाला," काकू म्हणायच्या.

"अगं, ते नाकाला कळतं."

काकूंना काही ते पटायचं नाही. नवरा बहिरा आहे यापेक्षा नवरा बेरकी आहे, हे मानणं कुठल्याही बायकोला सोपं जातं.

शेवटी नानांनी मुकादमाला गाठलं. मला पॅकिंगच्या खोलीत टाका, म्हणाले. तिथे खोक्यांचा काय तो आवाज, उरलेसुरले कान तरी वाचतील. मुकादमानं डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टरांनी त्यांना कपाटाएवढ्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला आणि हातात बटण दिलं. "शिट्टी ऐकू आली की दाबायचं."

आता गंमत बघा. नानांच्या कानात एक शिट्टी कायमचीच वाजते. गॅस बंद करायला घरात कुणी नसलेल्या कुकरसारखी. सरळ माणूस तो. शिट्टी ऐकू आली की दाबा म्हटल्यावर दाबत राहिला. यंत्र गप्प असताना दाबलं, वाजत असताना सोडलं. डॉक्टरांनी दार उघडलं. "नाना, हलकं काम हवं तर सरळ मागा. असली ढोंगं इथे चालायची नाहीत." हे ते समोर उभं राहून, तोंड भरून बोलले, त्यामुळे नानांना अक्षरन् अक्षर कळलं.

दुसऱ्या दिवसापासून खात्याला खेळच मिळाला. नानांच्या पाठीमागे उभं राहून मुकादम म्हणायचा, "चहा आला." चुकून नाना वळले की सगळे टाळ्या पिटायचे. इतकी वर्षं ज्याच्या शब्दावर लोक यंत्रात हात घालत होते, त्याचा शब्द आता खोटा.

नानांनी हे घरी सांगितलं तेव्हा काकूंनी हातातली कणीक तशीच ठेवली. "ढोंगी मी म्हणेन. ते कोण म्हणणारे?" आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथे कान तपासणाऱ्या बाई होत्या. काकूंनी आल्याआल्या त्यांना कारखान्यातल्या बटणाची सगळी हकिकत सांगून टाकली. त्यांनी आधी कानात रबरी बूच बसवून हवेचा दाब कमीजास्त केला. पडदा नीट हलत होता. मग दुसरं बूच. धड कान बारीक आवाज आत घेतो, तसा अगदी बारीक पडसाद परतही देतो, म्हणाल्या, तो टिपायचा. नानांच्या कानांनी जवळजवळ काहीच परत दिलं नाही. मग त्यांना आडवं निजवून कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवल्या.

"बटण कुठाय?" नाना म्हणाले.

"बटण नाही. आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, ते यंत्रच बघतं. तुम्ही झोपा."

"झोपलो तर म्हणतील, झोपेचं सोंग घेतलं."

बाईंनी यंत्र सुरू केलं आणि लगेच बंद केलं. नानांच्या डोळ्यांसमोर येऊन म्हणाल्या, "दात का आवळलेत? जबडा ताठ असला की स्नायूंचीच धडधड उमटते. कानाचं काही दिसत नाही, सगळा तुमचा राग दिसतोय."

"मग तोच छापा," नाना म्हणाले. "त्या डॉक्टरांना दाखवतो."

काकूंनी डोक्याला हात लावला. पुन्हा यंत्र, पुन्हा तेच. म्हणजे बघा, ज्या रागापायी नाना इथवर आले, तोच त्यांची साक्ष बुडवायला निघाला होता. काकू समजावून थकल्या. तेवढ्यात बाईंनी सहज विचारलं, "तुमच्या कानात सारखी शिट्टी वाजते का हो? म्हणून तिथे भलत्या वेळी बटण दाबलं असेल."

नानांनी मान डोलावली. हे इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. काकूंनीही नाही, त्या मान वळवून खिडकीकडे बघायला लागल्या. नानांनी डोळे मिटले, जबडा सुटला, आणि थोड्या वेळात माणूस चक्क झोपला. यंत्राच्या पडद्यावर लाटा उमटल्या, पण फक्त दणदणीत आवाजाला. बारीक आवाजाला रेघ सपाट.

तो कागद घेऊन नाना कारखान्याच्या डॉक्टरांपुढे उभे राहिले. डॉक्टरांनी वाचलं, पुन्हा वाचलं. "ठीक आहे. उद्यापासून पॅकिंगला जा."

"आणि ढोंगी?"

डॉक्टर टेबलाकडे बघत काहीतरी पुटपुटले.

"वर बघून बोला. मला ऐकू येत नाही," नाना म्हणाले. "आता तुमच्या हातात तसं लिहूनही आलंय."

डॉक्टरांनी मान वर केली. "माझं चुकलं."

"काय?"

तिसऱ्यांदा ते इतक्या मोठ्यानं म्हणावं लागलं की बाहेर बाकावर बसलेल्या मुकादमानंही ऐकलं. काकू म्हणतात, नानांना ते दुसऱ्या वेळीच कळलं होतं.