नोएमीच्या वेळी

"नोएमीच्या वेळी कधी अडकला नाही हा," एवारिस्तो म्हणाला आणि कॉम्प्युटरच्या गोठलेल्या पडद्याकडे बघत खुर्चीत मागे टेकला.

त्याच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. पाऊस थांबला असं सांगावं, इतक्या सहज तो बोलायचा, आणि मिग्दालियाला तेच जास्त लागायचं. रागावला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

एवारिस्तो क्युबातल्या कामाग्वे शहराच्या नगर-बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा आणि सगळ्या वाजंत्र्यांची स्वरलिपी घरच्या कॉम्प्युटरवर लिहून काढायचा. हा कॉम्प्युटर त्याच्या पहिल्या बायकोने, नोएमीने, लोकांच्या मोडक्या यंत्रांतले भाग जमवून जोडला होता. पुढे ती स्पेनच्या तेनेरीफे बेटावर गेली आणि तिथलीच झाली. घटस्फोट न भांडता झाला. दर रविवारी तिचा फोन यायचा. एवारिस्तो तिच्याशी बोलताना अंगणात येरझारा घालायचा आणि मधूनच हसायचा. मिग्दालिया खिडकीजवळ शिवणयंत्रावर बसून ते हसू मोजून घ्यायची.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर आधी 'नोएमी' हेच नाव यायचं. एवारिस्तोला त्याचं काही वाटत नसे. ते नाव पुसायचं म्हणून मिग्दालिया लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, शिकली. गल्लीच्या टोकाला असलेल्या कॉम्प्युटर-क्लबातून पेनड्राइव्हवर एक नवं लिनक्स आणलं, शिवणाची मापं तपासावीत तशी प्रत्येक पायरी दोनदा तपासली आणि जुनं उतरवून नवं चढवलं. नाव गेलं. त्या दिवशी तिने विनाकारण भात-काळ्या घेवड्यासोबत केळ्याचे काप तळले.

लिनक्स फुकट, आणि त्याच्या आवृत्त्या ढीगभर. एवारिस्तोला त्यांची नावं कधी पाठ झाली नाहीत, तो पार्श्वभूमीच्या रंगावरून बोलायचा. नोएमीची ती राखाडी. मिग्दालियाची पहिली ती निळी. निळी वर्षभर नीट चालली आणि मग स्वरलिपी लिहिता लिहिता गोठायला लागली. तिने हिरवी चढवली. तीही गोठली. मग जांभळी. जांभळी तर एकदा बँडच्या तालमीच्या आदल्या दिवशी ट्रम्पेटची तीन पानं गिळून बसली.

शेजारची सोराइदा कॉफी मागायला आली की दारातूनच विचारायची, "आज कोणता रंग गं?"

"तुझ्या तोंडाचा," मिग्दालिया म्हणायची.

"चिडू नकोस बाई. घर तिचं होतं, नवरा तिचा होता, कॉम्प्युटरचा डबा तिचा होता. रंग तरी तुझा असू दे."

क्लबातला माणूस प्रत्येक वेळी सांगायचा की दोष लिनक्सचा नसेल, डबा उघडून बघा. मिग्दालिया मान हलवायची आणि दुसरं लिनक्स मागायची. डबा तिने कधी उघडला नव्हता. त्याच्या मागच्या स्क्रूंवर नोएमीने कागदी पट्टी चिकटवून त्यावर बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: 'हळूच'. मिग्दालियाला ती सूचना आपल्यालाच केल्यासारखी वाटे.

शेवटी जांभळी दिवसातून दोनदा गोठायला लागली, आणि एवारिस्तो एका सकाळी जेवणाच्या टेबलावर हाताने स्वरलिपी लिहिताना दिसला. तो काय म्हणेल ते तिला पाठ होतं.

दोष लिनक्सचा की डब्याचा हे ठरवायचा एक मार्ग होता आणि तो तिला पहिल्यापासून ठाऊक होता. राखाडी परत चढवायची. राखाडीही गोठली तर दोष डब्याचा आणि मिग्दालिया सुटली. चालली तर मात्र या घरात पुढे कधी तिला तोंड उघडायला जागा उरली नसती.

तिने राखाडी चढवली.

राखाडी चालली. त्या दिवशी चालली, दुसऱ्याही दिवशी चालली. एवारिस्तोने राहिलेली पानं भराभर पुरी केली, वर गुणगुणलाही. "बघ की," तो म्हणाला, "किती शहाणी आहे ही."

"हो," मिग्दालिया म्हणाली आणि शिवणयंत्राचं पायडल इतकं जोरात दाबलं की सुई मोडली. शाळा उघडायच्या होत्या, खुर्चीवर गणवेशांचा ढीग होता, आणि ती मनातल्या मनात एखाद्याच्या मरणाची वाट बघावी तशी त्या राखाडीच्या गोठण्याची वाट बघत होती. तिला स्वतःची लाज वाटली. वाट बघणं मात्र थांबलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी राखाडी गोठली.

"अगं, हीसुद्धा," एवारिस्तो हताश होऊन म्हणाला. मिग्दालियाला हसू आवरेना, म्हणून ती खाली वाकली आणि डब्यावर तळहात टेकवला. डबा इस्त्रीसारखा तापला होता. 'हळूच' लिहिलेली पट्टी तिने एका झटक्यात फाडली आणि स्क्रू काढले.

आत डबा थंड ठेवणारा पंखा दिसतच नव्हता. त्याच्या जागी लोकरीच्या नमद्यासारखी जाड गादी होती, गर्द लाल आणि मोहरी-पिवळी. प्राथमिक शाळेचे स्कर्ट लाल, माध्यमिकचे पिवळे. तिच्याच कात्रीखालचा, तिच्याच सुईखालचा बारीक धागा त्या पंख्याने वर्षानुवर्षं ओढून घेतला होता. नोएमीच्या वेळी या खोलीत शिवण नव्हतं. एवारिस्तो इतके दिवस अगदी खरं बोलत होता.

"काय निघालं?" त्याने पाठीमागून विचारलं.

"कचरा," ती म्हणाली आणि गादी मुठीत धरून मोरीकडे गेली.

पंखा साफ झाल्यावर तिने राखाडी काढून पुन्हा निळी चढवली. एवारिस्तो म्हणाला, राहू दे की, आता चालतेय. ती म्हणाली, "चालतेय म्हणूनच." निळी अडकली नाही.

रविवारी अंगणात येरझारा घालता घालता एवारिस्तोने फोन तिच्या हातात दिला. "तिला विचारायचंय, काय बिघडलं होतं."

"मिग्दालिया, कशी आहेस?" नोएमीचा आवाज अपेक्षेपेक्षा थकलेला होता. "तो म्हणतो दोष पंख्याचा होता. कशाने अडकला?"

मिग्दालियाने एवारिस्तोकडे पाहिलं. तो कुंडीतली वाळकी पानं खुडत होता. "धाग्यांनी," ती म्हणाली. "माझ्या शिवणाच्या."

"हं. तिथे मी असते तर मलाही आधी सुचलं नसतं." मग तिने विचारलं, "आता कोणतं लिनक्स चालवतेस?"

मिग्दालियाने निळीचं नाव सांगितलं.

"ते? त्यावर आवाज येतो? मी ते दोनदा चढवलं होतं गं. त्या डब्यातून त्यावर मला आवाज कधी काढता आला नाही, म्हणून शेवटी तो राखाडी म्हणतो ती ठेवली. एवारिस्तोला लिहिलेलं ऐकायला आवाज तर लागतोच."

"येतो," मिग्दालिया म्हणाली. "पहिल्या आठवड्यापासून येतो."

"कसा काढलास?"

एक ओळ होती, एका फाइलमध्ये. मिग्दालियाने ती तीन रात्री शोधली होती आणि आता झोपेतही लिहू शकली असती. पलीकडे नोएमी थांबून राहिली होती. त्या थांबण्यात मिग्दालियाला स्वतःचाच चेहरा दिसला, खिडकीजवळचा, हसू मोजणारा.

"आठवत नाही आता," ती म्हणाली. "बघावं लागेल." आणि तिने फोन एवारिस्तोला परत दिला.

"काय म्हणाली?" त्याने फोन हाताने झाकत विचारलं.

"काही नाही. पंख्याचं विचारत होती."