शेजारच्या सीटचा ब्रेक

ब्रेकबाई हे नाव तिला कुणी ठेवलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. तिच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही क्लच आणि ब्रेक बसवलेले होते, आणि समोर सायकल आडवी आली की शिकणाऱ्याचा पाय हलायच्या आत तिचा ब्रेक दाबलेला असायचा. गाडी थांबायची, शिकणारा घामाघूम व्हायचा आणि ती म्हणायची, "हं. आता हेच तुम्ही करायचं." आवाज चढवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

आधी ती एका औषधांच्या गोदामाची व्हॅन चालवायची. गोदाम बंद पडलं तेव्हा तिने एक जुनी पांढरी गाडी घेतली, ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून पेडलं बसवून घेतली आणि टपावर 'शिकाऊ' असा बोर्ड लावला. तिच्याकडे बहुतेक बायका यायच्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा आधी नवऱ्याकडे शिकून, रडून, सोडून आलेल्या. "नवऱ्याकडून गाडी शिकू नये आणि नवऱ्याला शिकवू नये," असं ती म्हणायची. दुसरी गोष्ट ती अनुभवाने म्हणत होती. तिचा नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा, सगळे त्याला मास्तर म्हणायचे. त्याला शिकवायचा प्रयत्न तिने एकदाच केला होता. त्या दिवशी शाळेच्या कुंपणाचा एक खांब वाकला, आणि पुढे मास्तर आयुष्यभर बसने फिरले.

एका रविवारी सकाळी ती खाली उतरली तर गाडी जागेवर नव्हती. तेलाचे डाग तेवढे होते. गाडी म्हणजे काही मांजर नव्हे, कुठे हिंडून परत यायला, हे कळत असूनही तिने इमारतीला दोन फेऱ्या मारल्या. मग वर जाऊन मास्तरांना उठवलं.

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणारा हवालदार तरुण होता. "शिकाऊ बोर्डाची गाडी?" तो हसला. "म्हणजे चोरही शिकाऊच असणार." मात्र कागदावर त्याने गाडीचा नंबर, रंग आणि कंपनी एवढंच लिहिलं. बोर्डाचं लिहिलं नाही.

विम्याचं सगळं बघणारा माणूस घरातलाच होता. मास्तरांचा धाकटा भाऊ विमा एजंट होता. बोलघेवडा, कुणाच्याही अडीअडचणीला चप्पल घालून तयार. मास्तरांचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून राहिलेला माणूस तोच. तो लगेच आला आणि म्हणाला, "वहिनी, काळजी सोडा. विमा कशासाठी काढतात?" त्याने अर्ज भरला, दोन्ही किल्ल्या कंपनीत नेऊन दिल्या, आणि ब्रेकबाई पुन्हा कामाला लागली.

काम मात्र बदललं होतं. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी होती त्यांनाच आता शिकवता येत होतं, आणि त्या गाड्यांत तिच्या बाजूला नुसती चटई होती. एका सुईणीला शिकवताना गाडी कचऱ्याच्या डब्यावर जाऊन आदळली. ब्रेकबाईने चटईवर पाय इतका जोरात दाबला होता की घरी आल्यावर तिला जिना चढवेना.

"पोटरी भरून आलीय," ती मास्तरांना म्हणाली. "दिवसभर नसलेला ब्रेक दाबत होते."

कंपनी चोरीची भरपाई मंजूर करायच्या बेतात होती, आणि तेवढ्यात पोलिसांचा फोन आला. गाडी सापडली होती. शेजारपाजारच्यांनी "नशीबवान आहात" म्हणून अभिनंदन केलं. दिराचं तोंड मात्र उतरलं.

"वहिनी, सापडली नसती तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "हरवलेल्या गाडीत बघायला काही नसतं. सापडलेली गाडी बघायला सर्व्हेअर येतो."

तो असं का बोलतोय ते तिला त्या वेळी कळलं नाही. ती गाडी ओळखायला पोलिसांच्या आवारात गेली. पुढचा भाग आत घुसला होता, काच नव्हती, टपावरचा बोर्ड उखडलेला होता. गाडी गावाबाहेर एका खड्ड्यात बेवारस पडून होती तेवढ्या काळात येणाऱ्याजाणाऱ्यांनी बॅटरी, सीटा, चाकं, जे निघालं ते काढून नेलं होतं. शेजारच्या बाजूची पेडलंही नेली होती. तिथे पत्र्यात दोन भोकं आणि दांडीचा एक तुटका तुकडा एवढंच राहिलं होतं. ती गाडीभोवती फिरली नाही. एका जागी उभी राहिली आणि "हो, माझीच," म्हणाली.

तक्रार घेणाऱ्या त्याच हवालदाराने तिला हकिगत सांगितली. चोर दोघे मावसभाऊ होते. चालवणारा प्यायलेला होता, दुसरा शेजारी बसला होता. गावाबाहेरच्या एका वळणावर बसमधून उतरलेली एक बाई मुलाला कडेवर घेऊन रस्ता ओलांडत होती. चालवणाऱ्याने तिला पाहिलंच नाही. शेजारचा ओरडला आणि घाबरून त्याने दोन्ही पाय पुढे रोवले. पायाखाली ब्रेक लागला. गाडी गर्रकन फिरली, रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर आपटली आणि खड्ड्यात गेली. ती बाई आणि मूल हातभर अंतरावरून वाचली. शेजारच्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. ते बसवायला तो दवाखान्यात गेला आणि तिथेच सापडला.

"तो आम्हाला सांगतो, साहेब, तिथे ब्रेक असतो हे मला कुठे माहीत होतं," हवालदार म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दीर घरी आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. मास्तर मटार सोलत होते. दिराने एक शेंग उचलली, न सोलताच खाली ठेवली आणि म्हणाला, "वहिनी, एक सांगायचं राहिलंय. मागच्या वर्षी आपण विमा कंपनी बदलली ना, तेव्हा गाडी घरगुती वापराची म्हणून लिहिलीय."

"घरगुती?"

"शिकवणीच्या गाडीला हप्ता जास्त बसतो. तुमचेच पैसे वाचवले."

"मला विचारायचं तरी, भाऊजी."

"सही तुम्हीच केलीत."

ते खरं होतं. घरचा माणूस कागद पुढे करतोय म्हणून तिने न वाचता सही केली होती.

"मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही," दीर समजावणीच्या सुरात म्हणाला. "पेडलं गेलीत, बोर्ड गेलाय, तक्रारीत काही नाही. आपणहून सांगू नका, एवढंच. हे बाहेर आलं तर तुमची भरपाई जाईल आणि माझी एजन्सीही."

तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी हातातला मटार भांड्यात टाकला. "तो माझा भाऊ आहे आणि गाडी तुझी आहे," ते म्हणाले. "याच्या पुढे माझं डोकं चालत नाही."

सर्व्हेअर उंच, किडकिडीत माणूस होता. गुडघे टेकायला त्याने घरून पुठ्ठा आणला होता. त्याने गाडीचे फोटो काढले, बॉनेटखाली डोकं घातलं, मग दोरी लावून गाडीचा सांगाडा मोजला. त्याला घाई नव्हती. ब्रेकबाई आणि दीर भिंतीच्या सावलीत उभे होते. दीर हवापाण्याच्या गप्पा मारायचा प्रयत्न करत होता आणि सर्व्हेअर "हं, हं" करत होता.

शेवटी तो शेजारच्या दारातून आत वाकला आणि टॉर्च पेटवला.

"इथे काय होतं?"

"गंज हो," दीर पटकन म्हणाला. "जुनी गाडी. पत्रा खाल्लाय."

सर्व्हेअरने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. गंजाने पडलेलं भोक असं गोल नसतं हे सांगायची गरज नव्हती. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती भोकांकडेच बघत होती. सकाळपासून तिने काही न बोलायचं ठरवलेलं होतं, मास्तरांना तसं सांगूनही आली होती.

"ब्रेक होता," ती म्हणाली. "क्लचही होता. मी गाडी शिकवते."

"वहिनी," दीर हळूच म्हणाला.

"काय करू, भाऊजी? तो ब्रेक होता म्हणून ती बाई आणि तिचं मूल जिवंत आहेत. तो नव्हताच असं कसं म्हणू?"

दीर चार पावलं बाजूला गेला आणि फोन कानाला लावून उभा राहिला. पलीकडे कुणी नव्हतं हे त्याच्या पाठीवरूनही कळत होतं.

सर्व्हेअर पुठ्ठ्यावरून उठला, गुडघे झटकले. "मला हे लिहावं लागेल, कळतंय ना?"

"लिहा."

"मी तुमच्या बाजूचा नाही आणि कंपनीच्याही नाही. जे दिसलं ते लिहिणार. ब्रेकमुळे वेग कमी होऊन धडक बसली, तेही दिसतंय. तेही लिहिणार."

कंपनीचं उत्तर आलं ते नकाराचं. वापर चुकीचा दाखवला, सबब दावा फेटाळण्यात येत आहे. ते वाचून ब्रेकबाईला काही फार मोठं काम केल्यासारखं वाटलं नाही. ती चिडली, मुख्यतः स्वतःवर. "मूग गिळून बसले असते तर काय बिघडलं असतं?" असं ती भांडी घासताना म्हणाली, जेवताना म्हणाली, आणि मास्तर झोपायला निघाले तेव्हा पुन्हा म्हणाली. त्या बाईला ती ओळखत नव्हती. त्या बाईला हिचं नावही कधी कळणार नव्हतं. एका बाजूला ते, आणि दुसऱ्या बाजूला हातची गाडी, घरातला गोडवा. सर्व्हेअरसमोर जे क्षणात सुटलं होतं, ते घरी बसून सुटत नव्हतं.

"मग आता काय करायचं?" मास्तरांनी विचारलं.

"भांडायचं," ती म्हणाली. "आता खरं बोललेच आहे, तर त्याचा उपयोग तरी करते."

ती कंपनीच्या मुख्य कचेरीत गेली. एकदा साहेब नव्हते, एकदा फाईल नव्हती. मग एकदा दोन्ही होतं. साहेब म्हणजे एक पन्नाशीच्या बाई निघाल्या. त्यांना जबर सर्दी झालेली, समोर रुमालांची चळत. त्यांनी सर्व्हेअरचा अहवाल सावकाश वाचला.

"गाडी चोरीला गेली तेव्हा शिकवणी चालू होती?"

"नाही. घराखाली उभी होती. रविवारी मी शिकवत नाही."

"मग उभ्या गाडीची चोरी झाली." बाईंनी नाक पुसलं. "शिकवण्यामुळे काही झालं नाही. पण वापर खोटा दाखवलाय, ते मी खोडू शकत नाही. पूर्ण भरपाई मिळायची नाही. कापून मिळेल."

"चालेल."

"आणि गाडी आम्ही घेऊ. सांगाडा वाकलाय, असं सर्व्हेअर म्हणतो."

"दुरुस्त करून नाही चालणार? माझा तिच्यावर हात बसलाय."

"दुरुस्त होईल. सरळ चालणार नाही. त्यात तुम्ही शिकाऊ माणसं बसवणार का?"

तिने सही केली, या वेळी प्रत्येक ओळ वाचून, आणि बाईंनी तोवर तीन रुमाल संपवले. भंगारवाला गाडी न्यायला आला त्या दिवशी ती गेली नाही. तिची शिकवणी होती.

दिराची त्या कंपनीची एजन्सी गेली. दुसऱ्या एका कंपनीचं काम त्याला मिळालं, पण त्याने घरी यायचं सोडलं. मास्तर अधूनमधून त्याच्याकडे जाऊन यायचे आणि आल्यावर काय बोलणं झालं ते सांगायचे नाहीत. ती विचारायची नाही.

मिळालेल्या भरपाईत ब्रेकबाईने दुसरी जुनी गाडी घेतली. ही निळी होती आणि तिचा क्लच जड होता. पेडलं बसवून झाल्यावर ती स्वतः विमा कचेरीत जाऊन बसली. कारकुनाने वापराच्या रकान्यात 'शिकवणी' लिहिलेलं तिने डोळ्यांनी बघितलं आणि मगच उठली.

आणि एका सकाळी गाडी शिकायला तिची जाऊ आली.

"ह्यांना सांगितलेलं नाही," जाऊ सीटवर बसता बसता म्हणाली.

"का?"

"सांगितलं असतं तर ह्यांनीच शिकवलं असतं."

ब्रेकबाईला हे कारण पटलं. जाऊ बरी शिकली. वळणं तिला जमायची, गाडी मागे घेणं जमायचं नाही. तिची शिकवणी संपत आली तेव्हा एकदा बाजारावरून येताना बसथांब्यावर दीर दिसला. दोन्ही हातांत पिशव्या, कपाळावर घाम.

"अगबाई," जाऊ म्हणाली. "थांबवू का पुढे नेऊ?"

"गाडी तुझ्या हातात आहे. तू ठरव."

जाऊने आरसा पाहिला, वेग कमी केला आणि थांब्याला लागून अगदी अलगद गाडी उभी केली. दिराने आधी बायकोला पाहिलं, मग शेजारी बसलेल्या वहिनीला. मागून बस आली आणि हॉर्न वाजवायला लागली.

"बसा, भाऊजी," ब्रेकबाई म्हणाली. "बसची जागा अडतेय."

तो मागे बसला, पिशव्या मांडीवर घेऊन. चौक आला तसं त्याला राहवेना.

"अगं, गिअर बदल. आधीच बदलायला हवा होता."

"भाऊजी, शिकवायला मी बसलेय," ब्रेकबाई म्हणाली.

जाऊने गिअर बदलला. गाडी चौक ओलांडून दिराच्या गल्लीकडे वळली.