निळा दरवाजा, सहा अंश

रविवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी पेंटर गॅरेजमध्ये गुडघ्यांवर बसून गाडीच्या डाव्या दरवाज्यावर ओला पॉलिश पेपर फिरवत होता. भिंतीवरचा तापमापक सहा अंश दाखवत होता. बाहेर दोन होते. बादलीत बुडवून बुडवून बोटं लाल झाली होती, पण दुखत नव्हती. एकोणतीस वर्षं थिनरमध्ये काढल्यावर बोटांनी तक्रार करणं सोडून दिलं होतं. तक्रार आता कंबर करायची.

त्याला सगळेच पेंटर म्हणतात. वर्कशॉपमध्ये म्हणतात, शेजारी म्हणतात, आणि लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी चौकशीही त्याच नावाने केली होती. सोमवार ते शनिवार तो लोकांच्या गाड्या रंगवतो. वर्कशॉपमध्ये त्यासाठी बंद खोली आहे, एका बाजूने गरम हवा आत येते आणि दुसऱ्या बाजूने मोठा पंखा ती बाहेर ओढून टाकतो. ही खोली घरच्या कामाला मिळत नाही, हा मालकाचा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. रविवारी पेंटर झोपतो. म्हणजे तीन रविवारांपूर्वीपर्यंत झोपत होता.

गाडी त्याच्या थोरल्या बहिणीची, ताईची. ताई बासष्ट वर्षांची आहे आणि सव्वीस वर्षं लोकांना गाडी शिकवते. तिच्या पायाखाली जादा ब्रेक असतो आणि तोंडाला अजिबात नसतो. दोन वर्षांपूर्वी एका शिकाऊ बाईंनी गाडी फाटकाच्या खांबाला घासली. ओरखडा राहिला, मग त्यात गंज धरला. गेल्या महिन्यात शिकवण्याच्या गाड्यांची तपासणी झाली तेव्हा साहेबांनी दरवाज्यावर बोट ठेवून एक महिन्याची मुदत दिली. ती उद्या, सोमवारी सकाळी दहा चाळीसला संपते. तेव्हाच्या फेरतपासणीत गंज दिसला, उघडी पुट्टी दिसली किंवा रंग डागाळलेला दिसला, तर गाडी यादीतून बाद. चौदा वर्षांची गाडी एकदा बाद झाली की पुन्हा यादीत घेत नाहीत, आणि या वयात ताई दुसरी गाडी उभी करणार नाही.

"ही गाडी गेली की मी घरी बसले," ताई फोनवर म्हणाली होती. "आणि मी घरी बसले की रोज तुझ्याकडे येणार. बघ बाबा, तुझं तू ठरव."

तिने हसत म्हटलं होतं, पण फोन ठेवताना हसत नव्हती. हे पेंटरला कळलं होतं.

गंज खरवडला, पुट्टी भरली, प्रायमर मारला, यात दोन रविवार आणि बऱ्याच संध्याकाळी गेल्या. राहिला होता तो रंग. कालही ताईचे शेवटचे धडे दिवेलागणीपर्यंत चालले होते, त्यामुळे गाडी रात्रभर तिच्या दारात उघड्यावर राहिली आणि आज सकाळी सातला इथे आली. पेंटरने दिवाणखान्यातला तेलाचा हीटर उचलून गॅरेजमध्ये नेला. घरात दुसरा हीटर नव्हता.

"घरातली माणसं गारठली तरी चालतील, गाडीला पडसं व्हायला नको," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. तिने अंगात कोट घातला होता आणि त्यावर अॅप्रन बांधला होता.

"अगं, एक दिवसाचा प्रश्न आहे."

"तीन रविवार झाले तुमचा एक दिवस चाललाय."

बायको एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात आहे. दिवसभर वाफेत उभं राहून ती चादरींना इस्त्री करते, त्यामुळे घरात आल्यावर तिला सगळ्यात आधी कोरडी आणि गरम जागा लागते. आज ती जागा गाडीने घेतली होती.

साडेअकराला तापमापक सतरावर आला. पेंटरने काचा आणि चाकं कागदाने झाकली, टेपच्या कडा नखाने दाबल्या, कॉम्प्रेसर सुरू केला. मग अर्धी बादली पाणी फरशीवर शिंपडलं. धूळ बसावी म्हणून प्रत्येक पेंटर हे करतो. त्यालाही कोणी मुद्दाम शिकवलं नव्हतं, पहिल्याच वर्षी दुसऱ्यांचं बघून हात तसा वळला होता आणि मग वळतच राहिला. तोंडाला मास्क लावून त्याने स्प्रे गनने रंगाचा पहिला हात मारला. दहा मिनिटं थांबून दुसरा. पुन्हा थांबून तिसरा. निळा रंग असा बसला की दरवाज्यात त्याला स्वतःचे पाय दिसले. तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. बरं वाटायला हवं होतं, पण आधी भूक लागली.

जेवून तो एक वाजता परत आला तेव्हा दरवाज्यावर साय धरली होती. दुधावर धरते तशी, पांढुरकी, मधोमध दाट आणि कडेला विरळ. चमक कुठेच नव्हती. गॅरेजमध्येच, मागच्या बाजूच्या दोरीवर दोन मोठ्या ओल्या चादरी लटकत होत्या.

 त्याने घराकडचं दार उघडून हाक मारली. बायको आली.

"या चादरी कोणी घातल्या?"

"मी. घरात एवढीच एक ऊबदार जागा उरलीय. का?"

"रंगाने ओल धरली. हे बघ. गेला दरवाजा."

ती जवळ आली. दरवाज्याकडे तिने बघितलं, चादरींकडे बघितलं आणि मग खाली. चपलांखाली फरशी काळीभोर भिजलेली होती.

"तुम्ही जेवायला बसलात तेव्हा चादरी मशिनमध्ये होत्या," ती म्हणाली. "तुमचं ताट उचललं आणि मग इथे टाकल्या. पाच मिनिटं झाली नाहीत. हे पाणी कोणी ओतलंय?"

पेंटरने अर्धी उरलेली बादली पायाने बाजूला सरकवली.

"धूळ नको म्हणता म्हणून मी पायपुसणंसुद्धा इथून उचललं. पाण्याचं कधी बोललात?"

"धूळ बसायला शिंपडतात."

"तिकडे पंखा ओढतो ना बाहेर? इथे कोण ओढणार, मी?" तिने दरवाज्यामागच्या, जुन्याच रंगाच्या पत्र्याला हाताची मागची बाजू लावली. "बर्फ आहे नुसता. ओल नेहमी खोलीतल्या सगळ्यात गार वस्तूवर जाऊन बसते. आमच्याकडे खिडक्यांवर बसते. इथे तुमच्या गाडीवर बसली."

पेंटरने तोच पत्रा तळव्याने दाबून बघितला. त्याला तो गार लागला नाही, गरमही लागला नाही. तापमापक हवेचा होता. पत्र्याचं तापमान त्याने विचारलंच नव्हतं, आणि सांगणारी बोटं केव्हाच निवृत्त झाली होती.

"माझी चूक," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून फार वेळा निघालेलं नाही. बायकोने ऐकलं. ती चादरी काढायला लागली.

उपाय एकच होता. सावकाश सुकणारं थिनर धुक्यासारखं हलकं मारायचं, म्हणजे वरचा रंग पुन्हा मऊ होतो आणि अडकलेली ओल निघून जाते. कमी पडलं तर साय राहते, जास्त झालं तर रंग ओघळतो. ओघळला तर सगळं खरवडून पहिल्यापासून. तेवढा दिवस शिल्लक नव्हता.

दीड वाजता ताई आली. ओल जावी म्हणून दार सताड उघडं, गॅरेजमधली ऊब सगळी रस्त्यावर, आणि भाऊ-भावजय गुडघ्यांवर बसून फरशी पुसतायत, हे तिने बघितलं.

"भांडलात की काय?"

"झालं भांडून," बायको म्हणाली. "ताई, तो कोरडा टॉवेल घ्या आणि तिकडचा कोपरा पुसा."

ताईने कोट न काढताच कोपरा पुसला. दरवाज्याकडे एकदाच बघितलं. "हे असंच राहणार?" तिने विचारलं. आवाजात नेहमीची धार नव्हती.

"बघू," पेंटर म्हणाला.

दार लावलं. हीटर आता दरवाज्यापासून दोन हातांवर ठेवला. दर दहा मिनिटांनी बायको त्याच पत्र्याला हात लावायची आणि 'नाही' म्हणायची. ताई स्टुलावर बसून खोकत होती. पेंटरला बसल्या बसल्या डुलकी लागली. तीन वाजून पाच मिनिटांनी बायको म्हणाली, "आता कोमट आहे. इस्त्रीखालून काढलेली चादर घडी घालून ठेवल्यावर लागते तेवढं."

हीटर बाहेर गेला, दोघी बाहेर गेल्या. पेंटरने हातभर अंतरावरून एकच हात मारला आणि गन खाली ठेवली. साय कडेकडून विरायला लागली. आधी खालची पट्टी निळी झाली, मग मधला भाग. वीस मिनिटांत सगळा दरवाजा निळा झाला, फक्त हँडलखाली तळहाताएवढा पांढुरका ढग राहिला.

आणखी एक फवारा मारला तर तो जाईल असं वाटत होतं. पेंटरने गन उचलली, थोडा वेळ धरली आणि परत ठेवली. हँडलच्या कडेला रंग जाड बसला होता. तो ओघळलाच असता.

"तो साहेब हँडलखाली बघतो का गं?" त्याने परत आत आलेल्या ताईला विचारलं.

"वाकून बघतो," ताई म्हणाली. "कंबर धरून वाकतो, पण वाकतो."

"सकाळपर्यंत रंग वाळला तर घासून पॉलिश करतो. जाईल बहुतेक."

"आणि नाही वाळला तर?"

"तर हात लावता येणार नाही. तशीच ने."

ताईने मान हलवली. गाडी इथेच ठेवून ती पायी घरी निघाली. दारात थांबून भावजयीला म्हणाली, "मी घरी बसले तर इस्त्री शिकव मला."

"तुम्ही चादरींनाही शिव्या द्याल," बायको म्हणाली. ताई हसली, आणि या वेळी खरंच हसली.

हीटर आज रात्री गॅरेजमध्येच राहणार हे कोणी कोणाला विचारलं नाही. बायकोने कपाटातून जास्तीची दोन पांघरुणं काढून पलंगावर टाकली.

उद्या साडेपाचला बायको रंगाला हात लावून बघेल. वाळला असेल तर पेंटरला पॉलिशसाठी पावणेदोन तास मिळतात, कारण सव्वासातला ताई गाडी न्यायला येते आणि वर्कशॉपचं दार आठला उघडतं. तपासणी दहा चाळीसला आहे. वर्कशॉपमध्ये कामाच्या वेळी फोन खणात कुलपात असतात. ते जेवणाच्या सुट्टीत, साडेबाराला मिळतात. गाडीचं काय झालं ते पेंटरला तेव्हाच कळेल.