राजेमामाचं पडद्यावरचं मरण

माझा थोरला मामा मूळचा न्हावी. त्याचं दुकान एका फिल्म कंपनीच्या फाटकासमोर होतं. चित्रपट तेव्हा मुके होते. एकदा राजाचं काम करणाऱ्या नटाला गालगुंड झालं आणि त्याच्यासाठी शिवलेला अंगरखा नेमका मामाच्या अंगाला बसला. बसला तो बसलाच. मामा घरीदारी राजेमामा झाला.

आवाज कुठे जायचाच नाही, म्हणून नट ओठ हलवताना तोंडाला येईल ते बोलत. पडद्यावर पाटी यायची, 'प्रिये, निरोप दे', आणि मामाचं भलतंच चाललेलं असायचं.

माझी आई त्याची धाकटी बहीण. लहानपणी तापात तिचे कान गेले. देवाने कान नेले, पण नजरेत भर घातली. समोरच्याच्या ओठांवरून ती सगळं वाचायची. पहिल्या खेळाला ती पुढच्याच बाकावर होती. राजा मरायला टेकला, बायका डोळे पुसू लागल्या आणि आई खो खो हसत सुटली. आपला आवाज केवढा, हे तिला कुठून कळणार!

"अगं बाई, हा राणीला म्हणतोय, मागे सरक, तोंडाला कांद्याचा वास येतोय!"

अख्खं थिएटर हसलं. कंपनीचे मालक मात्र लालबुंद झाले. "उद्यापासून वस्तराच धर तू!"

मामा गयावया करू लागला. पडद्यावरच्या कामाची त्याला आता चटकच लागली होती. शेवटी मालक म्हणाले, "प्रसंग पुन्हा घेऊ. बहिणीला कॅमेऱ्याशेजारी बसव. ती रडली तर राहिलास, हसली तर गेलास."

आई रडणार? मामाचं तोंड दिसलं तरी तिला हसू फुटत होतं.

कॅमेऱ्याचं हँडल फिरू लागलं. मामा मरणशय्येवर आडवा झाला. राणीकडे न बघता त्याने आईकडे बघितलं आणि ओठ हलवले.

"तुला ताप चढला तेव्हा मला डॉक्टरांकडे धाडलं होतं. मी वाटेत माकडाचा खेळ बघत बसलो. कुणाला सांगितलं नाही गं अजून."

आईचे डोळे भरून आले. नाक ओढत ती मोठ्यांदा ओरडली, "माफ केलं रे दादा! आता मर लवकर, भूक लागलीय!"

मामाला रडता रडता हसू आलं, आणि राजा तसाच हसत हसत मेला. मालकांना ते मरण इतकं आवडलं, की पुढच्या बारा चित्रपटांत त्यांनी मामाला तसंच मारलं.