टोपी बाजारातला व्हीसीडीवाला

२०२३ साली मी शहात्तर वर्षांचा होतो. धाकटा भाऊ त्याच वर्षी गेला. माझ्या मुलीच्या वरातीत तो नाचला होता, ती व्हीसीडी घरात होती, पण लावायचं यंत्र कुठेच मिळेना. शेवटी टोपी बाजारात जुनी यंत्रं विकणाऱ्या एका दुकानदाराकडे मिळालं.

हा माणूस बोलताना गिऱ्हाइकाकडे नाही, यंत्राकडे बघायचा. स्क्रू पिळायचा पेचकस कानामागे आणि दर वाक्याला "हो जाएगा, काका." यंत्र देताना म्हणाला, "एकदा लावून दाखवू?" मी म्हटलं, "मला शिकवू नकोस."

घरी पडद्यावर काहीच आलं नाही. संध्याकाळी यंत्र उचलून दुकानात गेलो आणि पाच-सहा गिऱ्हाइकांदेखत त्याला लबाड म्हणालो. "म्हाताऱ्याला कबाड विकतोस?"

त्याने यंत्र उघडलं. ताट मांडतात तशी मी तबकडीची चकचकीत बाजू वर ठेवली होती. त्याने ती सदऱ्याला पुसली, लोकांकडे पाठ केली आणि हळूच पालथी घातली. मग मोठ्याने म्हणाला, "माझीच गलती, काका. आत धूळ राहिली होती."

दुकानातल्या पडद्यावर भाऊ नाचायला लागला. एक गिऱ्हाईक मात्र हातातला रेडिओ परत ठेवून निघून गेलं. मला सगळं कळलं होतं, तरी मी यंत्र उचलून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसलो. पाच-सहा गिऱ्हाइकं जमेपर्यंत थांबलो. मग उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं, "धूळबीळ काही नव्हती. तबकडी मी उलटी घातली होती."