आमच्या घरचं पित्त

आमच्या घरात आजार एकच होता, पित्त. मोठे भावजी कापडाच्या दुकानात कामाला गेले नाहीत, पित्त. लग्नात पंगतीला बसले नाहीत, पित्त. भर दुपारी ओसरीवर आडवे पडले, तरी पित्तच. हे निदान माझ्या थोरल्या जावेचं, आणि त्यावर शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. लग्न होऊन मी जुन्या जालन्यात आले, तेव्हा सुरुवातीला भावजींसाठी शेजारणीकडे आवळ्याचं चूर्ण मागत फिरले. शेजारीण पदर तोंडाला लावून हसली. भावजी पितात, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते मला आणि केदारखेड्याला राहणाऱ्या आमच्या माळकरी सासऱ्यांना.

मोठ्या बाईंचे कान म्हणजे नवल होतं. दिवेलागणीला त्या भाकरी थापत बसलेल्या असायच्या. गल्लीच्या तोंडाशी भावजींची सायकल खडखडली की त्यांचा हात परातीतच थांबायचा. "आज बरं हाय," म्हणाल्या की आम्ही श्वास सोडायचो. "सुमन, रेखाला घिऊन माडीवर जाय," म्हणाल्या की मी त्यांच्या लेकीला घेऊन निमूट वर जायची. त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. त्यांच्या संगतीत मलाही ती खोड लागली. संध्याकाळ झाली की माझेही कान गल्लीच्या तोंडाकडे लागायचे, आणि माझा नवरा तर सुपारीसुद्धा खात नव्हता!

"मानूस वाईट न्हाई, सुमन. वेळ वाईट आसती," असं त्या म्हणायच्या. मी चिडून विचारायची, "मग ही वेळ रोज दिवेलागणीलाच बरी येते?" त्या हसायच्या आणि लगेच दाराकडे बघायच्या, कुणी ऐकलं तर नाही ना. झाकली मूठ सव्वा लाखाची, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्यासाठी जीवही तुटायचा.

रेखाचं जमत आलं तेव्हाची गोष्ट. हसनाबादचे सोयरे, घर चांगलं, बोलणी झालेली, फक्त सुपारी फुटायची बाकी होती. तेवढ्यात एका सकाळी दुकानाला जाताना भावजींच्या सायकलला ऑटोनं धडक दिली. पायाचं हाड मोडलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "दारू वगैरे घेतात का?" केदारखेड्याहून आलेले सासरे शेजारीच उभे होते. मोठ्या बाई डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "बिलकुल न्हाई. माळकऱ्याचं घर हाय आमचं." मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

दवाखान्यात दारू कुठली मिळणार? दुसऱ्या दिवशी भावजींचे हात कापू लागले, अंगाला घाम सुटला. तिसऱ्या दुपारी त्यांनी कुणालाच ओळखलं नाही. पलंगावर बसून ते हवेतलं कापड मापू लागले. हात लांबवायचे, पट्टी सरकवायची, कात्री लावायची, आणि समोर नसलेल्या गिऱ्हाइकाला विचारायचं, "अजून दाखवू?" नेमके तेव्हाच हसनाबादचे सोयरे भेटायला आले होते. सासरे म्हणाले, "बाहेरचं लागलं. उतारा टाका जल्दी." डॉक्टरांना डोक्याला मार असल्याची शंका आली आणि त्यांनी औरंगाबादला हलवायची तयारी सुरू केली. गाडी बोलवायला माणूस धावला. भावजींचा श्वास भात्यासारखा चालला होता.

मोठ्या बाईंनी एकदा सोयऱ्यांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग मोठ्यानं म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हे पितात. रोज पितात. आल्यापासून थेंब न्हाई गेला पोटात. मी खोटं बोलल्ते."

डॉक्टर रागावले, पण पुढचं त्यांनी भराभर केलं. इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. जरा उसंत मिळाल्यावर म्हणाले, "रोजच्या पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की मेंदू असा बिथरतो. आणखी उशीर झाला असता तर हातचे गेले असते. हा आजार आहे बाई, लपवायची गोष्ट नाही." सोयरे चहा न घेता निघून गेले. सासरे भिंतीकडे तोंड करून बसले. मोठ्या बाई मला हळूच म्हणाल्या, "आजार व्हता, तर मंग मी इतके वर्सं काय झाकून राह्यले गं?"

भावजी वाचले, पण सुटले नाहीत. काही महिने बरे जायचे, पुन्हा सायकल खडखडायची. तरी दुकानातून माणूस आला की मोठ्या बाई सरळ सांगायच्या, "पिऊन पडलेत. उद्या इचारा." हसनाबादची सोयरीक मोडली ती मोडलीच. रेखा कितीतरी दिवस आईशी धड बोलत नव्हती.

पुढं रेखाला बघायला अंबडकडचे पाहुणे आले. मुलगा आणि त्याची विधवा आई. भावजी आत झोपलेले. मी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात आले, तर मोठ्या बाईंनी मला हातानंच थांबवलं. "आधी आयका," त्या पाहुण्यांना म्हणाल्या, "पोरीचा बाप पितो. आजार हाय त्यांना. पटत आसंल तर चहा घ्या, न्हाईतर राग न्हाई." रेखा पडद्याआड ऐकत उभी होती.

मुलाची आई जागची उठली. मग तिनं पुढं होऊन ट्रेमधला कप स्वतःच उचलला.

"आमचे त्याच्यातच गेले, बाई," ती म्हणाली. "सगळ्यायला सांगितलं, कावीळ झाल्ती."